गळती तात्काळ थांबविणेबाबत

मु. पो. नेहमीचंच,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली
१७ एप्रिल २००२

ती. स्व. उत्तमराव दाजी यांच्या सेवेशी,

धाकटा मेव्हणा सोनाजी याचा सविनय जय भीम. अक्काला जय भीम सांगावा, चि. शीतलला आशीर्वाद, आणि तुमच्या डाव्या गुडघ्याची मी चौकशी केली असं त्याला कळवावं. (डावाच ना? मागच्या पत्रात मी उजव्याची केली आणि अक्कानं उलट टपाली झाडलं, म्हणून या खेपेला जपून लिहितो आहे.) तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढ-उतार केलेल्या माणसाचा गुडघा दुखणारच. मी आयुष्यात दोनदाच तारेला हात लावला, तर ही पाळी आली. इकडे माय ठणठणीत आहे. आशाबाईही ठणठणीत आहेत. (बायकोला अहोजाहो कधीपासून, असं अक्का विचारील. नऊ तारखेपासून. कारण पुढे येईल.) मी बरा आहे. पत्राचं कारण तसं लहान आहे, एका ओळीत मावेल एवढं. पण ते आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, आणि पुढचं वाचल्याशिवाय ते तुम्हाला खरं वाटणार नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

फेब्रुवारीत नांदेडच्या आकाशवाणीची दोन माणसं जात्यावरच्या ओव्या गोळा करत गावात आली होती, हे अक्काकडून कळलंच असेल. जातं फिरवणारं गावात आता कोणी उरलं नाही, दळण सगळं गिरणीत जातं. पण भीमाच्या ओव्या कोणाला येतात म्हटल्यावर सगळ्यांनी एकच घर दाखवलं, ते आपलं. त्यांनी मायला विहारात नेऊन बसवलं, बाहेरचा आवाज नको म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या, जमलेल्या बायांना पार पिंपळापर्यंत हाकललं (कोंबड्यांना त्याच्याही पलीकडे) आणि तासभर ओव्या भरून घेतल्या. मी त्या दिवशी हिंगोलीला होतो. ‘विज्ञान सोपे करून सांगणे’ या विषयाचं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. रात्री येऊन मायला विचारलं, कोणत्या ओव्या म्हटल्यास? ती म्हणाली, "लागतील तवा ऐक. आत्ताच काहून सांगू?" मग मार्च संपता संपता केंद्राचं कार्ड आलं. चौदा एप्रिल, जयंतीच्या सकाळी सात वाजता, श्रीमती धुरपताबाई यांच्या ओव्या, वेळ चार मिनिटं. कार्ड वाचून दाखवलं तेव्हा माय म्हणाली, "बहात्तर वर्सं सगळ्यायनं ऐकलं मला. म्याच कधी ऐकलं न्हाई." दाजी, मायनं माझ्याकडं आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही. हेही मागणं नव्हतं, पण मला ते तसं ऐकू आलं.

तुम्ही नवा टू-इन-वन घेतलात तेव्हा जुना रेडिओ आम्हाला दिला होता, तो मी फडताळावरून खाली काढला. वारंगा फाट्यावरून सेल आणले (चारही एकाच कंपनीचे, तुमच्या सूचनेप्रमाणे) आणि एफएमवर नांदेड लावलं. बाजारभाव चालू होते. हळदीचा भाव सांगता सांगता निवेदकाला हुंदका फुटला. मला वाटलं, चला, शेतकऱ्यासाठी रडणारं कोणीतरी आहे. मग लक्षात आलं की रडणारी बाई आहे, ती हिंदीत रडते आहे, आणि तिला सासूनं घराबाहेर काढलं आहे. टीव्हीवरची मालिका, तुमच्या रेडिओतून! काटा जरा सरकवला की मालिका जायची आणि नुसतीच गुंईऽऽ सुरू व्हायची, म्हशीच्या कानाशी गोमाशी घोंगावते तशी. दुसऱ्या दिवशी तुरीवर फवारणी कशी करावी ते सांगणं चालू होतं, तर त्यात मधेच कोणी तरी दोन चमचे गरम मसाला टाकायला सांगितलं. मायनं हे सगळं मन लावून ऐकलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माझ्या ओवीच्या मधी बी ही बाई रडंल काय रे?"

आता गावात विज्ञान शिकवणारा माणूस मी एकटा. (सातवीपर्यंत. आठवीला दुसरे सर आहेत, पण ते डोंगरकडा या गावाहून येऊन-जाऊन करतात, त्यामुळे संध्याकाळनंतर गावात विज्ञान माझ्याच ताब्यात असतं.) मायला म्हटलं, तू काळजी करू नको, लहरींचा धडा मी बारा वर्षं शिकवतो आहे. मग मी रेडिओचं तोंड नांदेडच्या दिशेला केलं. रेडिओ पत्र्यावर ठेवून पाहिला. उपड्या परातीवर ठेवला. मोठ्या पातेल्यात ठेवला, तर ती बाई विहिरीत पडून रडल्यासारखी रडू लागली. शेवटी मला आठवलं की ऐरियल जितकं लांब आणि उंच तितकं चांगलं. आपल्या गच्चीवर कपडे वाळत घालायची लोखंडी तार आहे, आपल्या भिंतीपासून शेजारच्या अनुसयाबाईंच्या भिंतीपर्यंत ताणलेली. रेडिओपासून तांब्याची तार वर नेली आणि त्या तारेला पिळून बांधली. खाली येऊन पाहतो तर नांदेड साफ गेलेलं, आणि मालिका अशी स्वच्छ की बाईच्या बांगड्यासुद्धा मोजून घ्याव्यात. यावरून मी शास्त्रीय निष्कर्ष काढला की केबलवाल्यानं मुद्दाम जोर वाढवला आहे.

तेवढ्यात मी कळवलेल्या तक्रारीवर तुमचं कार्ड आलं. ते आत्ता माझ्यासमोर आहे. "केबलचा जोड कुठं तरी उघडा असेल. तिथून गळती होते. आधी घराजवळचे जोड तपास. अर्ज-बिर्ज करत बसू नको." चार वाक्यं. त्यातलं मी दुसरं तेवढं उचललं, पहिलं-तिसरं सोडून दिलं आणि चौथ्याच्या बरोबर उलट वागलो. ‘गळती’ हा शब्द मला फार आवडला, दाजी. इतके दिवस माझ्याकडे तक्रार होती, पण तिला नाव नव्हतं. त्याच दुपारी ग्रामपंचायतीला तीन पानी अर्ज लिहिला. विषय : गळती तात्काळ थांबविणेबाबत. पहिल्या पानावर लहर म्हणजे काय ते सोपं करून सांगितलं, दुसऱ्यावर गल्लीतल्या रहिवाशांना होणारी तकलीफ, आणि केबल हा शब्द तिसऱ्या पानावर, जरा शेवटाकडे आला. (निबंधात मुख्य मुद्दा शेवटी ठेवावा असं मीच मुलांना सांगतो. आता सांगणार नाही.) ग्रामसेवकांनी सगळे वाचतात तेवढंच वाचलं, म्हणजे विषय. एप्रिलचा महिना, पाण्याची ओरड, आणि मास्तर स्वतः गळतीबद्दल लिहून राहिले. त्यांनी समासात ‘तात्काळ कार्यवाही करावी’ असा शेरा मारून अर्ज धर्मसिंगकडे दिला. धर्मसिंग नळाचं पाणी सोडतो. वीस वर्षांत माझ्या अर्जावर तात्काळ कार्यवाही झाली ती ही पहिलीच.

नऊ तारखेला पहाटे धर्मसिंगनं आपल्या गल्लीचा व्हॉल्व बंद केला आणि खणायला सुरुवात केली. मी शाळेत होतो. दुपारी आलो तर गल्लीत तीन खड्डे, आणि बाया रांगेनं शाळेच्या हापशावरून घागरी आणत होत्या. त्या रांगेत आशाबाई तिसऱ्या होत्या. डोक्यावर घागर असताना त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, तेव्हापासून मी अहोजाहो करतो. अनुसयाबाई मात्र बोलल्या. "मास्तर, आमची शिरेल बंद करायला निघाले आन पाणी बंद करून बसले!" मी धर्मसिंगला बाजूला घेऊन ही गळती पाण्याची नसून लहरींची आहे, हे सोपं करून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, गळती न्हवतीच, खरं हाय. पर खंदता खंदता पाइपाला टिकाव लागला. आता हाय." म्हणजे माझा अर्ज जो खोटा होता तो त्यानं खरा करून दिला. पाणी अकरा तारखेला संध्याकाळी आलं.

बारा तारखेला चाँद पाशा स्वतः घरी आले. गावातली केबल त्यांचीच. मी त्यांच्याकडे आधी जायला हवं होतं. पण दोन वर्षांपूर्वी आमच्यात थोडं झालं होतं (त्यावर येतोच), म्हणून मी त्यांना सोडून सगळ्यांकडे गेलो. हातात तळहाताएवढा ट्रान्झिस्टर घेऊन ते दारात उभे राहिले. "गुरुजी, पाणी काहून बंद केलं? मला बोलायचं की. केबल यायच्या आधी पंधरा वर्सं म्या फाट्यावर रेडिओच दुरुस्त केले. धुरपतामावशीचं गानं लागनार, आन माझ्या तारेनं बिघडनार, असं होऊ द्यीन काय मी?" मला थोडी लाज वाटली, पण फार नाही, कारण दोष अजून त्यांच्याच तारेचा होता.

त्यांची पद्धत साधी. ट्रान्झिस्टरची काडी आत सारायची, त्या रडणाऱ्या बाईवर काटा लावायचा आणि चालत सुटायचं. बाई जिकडे मोठ्यानं रडेल तिकडे गळती. आम्ही पारापासून निघालो. मी त्यांच्या बरोबरीनं चालत होतो आणि मागे येणाऱ्यांना समजावून सांगत होतो की चोर कसा पकडतात ते आता बघा. (पाण्याच्या प्रकरणानंतर मला थोडा मान परत हवा होता.) विहारापाशी बाई मुसमुसत होती. गिरणीपाशी जवळजवळ गप्प झाली. आपल्या गल्लीच्या तोंडाशी तिनं पुन्हा सूर धरला, अनुसयाबाईंच्या दाराशी हंबरडा फोडला, आणि मी म्हणालो, अनुसयाबाई, मला माफ करा पण विज्ञान नातंगोतं बघत नाही. चाँद पाशा थांबले नाहीत. ते आमच्या ओट्यावर चढले. मला वाटलं चहा घ्यायला आले, म्हणून मी आत आशाबाईंना चहा टाकायला सांगितला. ते सरळ जिन्यानं गच्चीवर गेले. तिथं ती बाई एवढ्या मोठ्यानं ओरडत होती की चाँद पाशांनी आवाज बारीक केला. कपड्यांच्या तारेवर माझं बनियन वाळत होतं. ते त्यांनी दोन बोटांनी उचललं. त्याच्याखाली काळ्या केबलचं एक टोक होतं, आतली तांब्याची तार उघडी करून कपड्यांच्या तारेला सात वेढे दिलेलं, आणि त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर माझ्या रेडिओची तार.

दाजी, ते सात वेढे माझे होते. दोन वर्षांपूर्वी क्रिकेटसाठी मी केबल घेतली होती. मग शाळेत मला ‘दूरदर्शन आणि विद्यार्थी’ यावर भाषण द्यावं लागलं. भाषण इतकं चांगलं झालं की ते माझ्याच अंगाशी आलं. त्याच संध्याकाळी मी सगळ्या गल्लीसमोर टीव्हीची केबल उपटून टाकली. पिन टीव्हीतच राहिली, तार हातात आली. चाँद पाशा समजवायला आले होते, त्यांनाही मी ते भाषण ऐकवलं. पुढे उरलेली तार वाऱ्यावर फडफडत होती, म्हणून तिची उघडी तांब्याची जीभ मी कपड्यांच्या तारेला गुंडाळून टाकली आणि वाचन संस्कृतीकडे वळलो. खांबावरचा जोड चाँद पाशांनी काढलाच नव्हता. "मला वाटलं गुरुजी, दोन म्हयन्यात मॅच असंल तवा याल परत." म्हणजे दोन वर्षं मी आपल्या गच्चीवर सगळ्या गल्लीसाठी एक लहानसं प्रक्षेपण केंद्र चालवत होतो, आणि परवा त्याचीच तार स्वतःच्या हातानं रेडिओच्या कानात घातली. रेडिओला केबलचं कनेक्शन देणारा मराठवाड्यातला पहिला माणूस मी असणार. मागे जमलेल्या लोकांकडे मी पाहिलं नाही. अनुसयाबाईंनी मात्र विज्ञान नातंगोतं बघत नाही हे वाक्य मला जसंच्या तसं परत केलं.

चाँद पाशांनी वेढे सोडले, खांबावरचा जोड काढला, माझी तांब्याची तार गुंडाळून माझ्या हातात दिली. नांदेड लावलं. नांदेड असं आलं की निवेदकानं पान उलटल्याचा आवाज यावा. चहा झाला. मग जयंतीच्या सकाळी झेंडावंदनाआधी सगळी गल्ली आपल्या ओट्यावर जमली. मायनं ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं होतं. चाँद पाशा आले, धर्मसिंग आला, अनुसयाबाईंनी स्वतःचा टीव्ही बंद करून कुलूप लावून आल्याचं सांगितलं. बरोबर सातला निवेदिकेनं मायचं नाव घेतलं, अगदी स्पष्ट, कसलीही खरखर नाही. कार्यक्रम फारच छान झाला. सगळ्यांना आवडला.

तरी तुम्ही गुडघ्याला जपावं, अक्कानं मिठाला जपावं. आणखी काय लिहू, पान संपत आलं.

आपला आज्ञाधारक (तुमच्या त्या कार्डापुरता नव्हे),
सोनाजी

ता. क. दाजी, जयंतीच्या सकाळचे कार्यक्रम तुम्ही टू-इन-वनवर कॅसेटमध्ये भरून घेता, असं अक्का मागे म्हणाली होती. यंदाही घेतले असतील ना? सहज विचारतो. घेतले असतील तर ती कॅसेट जपून ठेवा, तिच्यावर शीतलला काही भरू देऊ नका, आणि जमल्यास इकडे पाठवा. घाई नाही. येत्या एसटीनं पाठवली तरी चालेल.

ता. क. २. हे पत्र आशाबाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. दोन शब्द. "खरं लिवा." तर खरं असं की निवेदिकेनं मायचं नाव घेतलं, आणि इतक्या स्पष्ट आवाजानं मला भरून आलं. मला वाटलं, हा आवाज इतका स्पष्ट का येतो आहे, हे जमलेल्या मंडळींना कळायला हवं. म्हणून मी उभा राहिलो आणि सोपं करून सांगू लागलो. उघडा जोड म्हणजे काय, तारेचं ऐरियल कसं होतं, गळती कशी शोधतात. माझं बोलणं मागच्यांना नीट ऐकू यावं म्हणून रेडिओचा आवाज थोडा कमी केला. चाँद पाशा हात वर-खाली करत होते. मला वाटलं, आणखी खुलासा पाहिजे. धर्मसिंग खोकला, त्याला पाणी द्या म्हणालो. आशाबाईंनी माझा सदरा ओढला तेव्हा मी सातव्या वेढ्यावर आलो होतो. रेडिओचा आवाज वाढवला, तर कोणीतरी लांबच्या खोलीतून म्हणावं तशी एक ओळ आली, "...वाट दाविली भीमानं," आणि लगेच निवेदिकेनं आभार मानले. मायनं माझ्याकडे पाहून विचारलं, "झालं व्हय?" मी म्हणालो, झालं. ती उठली, पदर नीट केला आणि विहाराकडे चालू लागली. दाजी, केबलचा जोड चाँद पाशांनी सोडला. माझ्या तोंडाचा जोड कोणी तपासला नाही. मला त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही, हे मी वर लिहिलं नाही, कारण वर मी बरा आहे असं लिहिलं होतं.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालताना मायनं विचारलं, कोणाला लिहून राहिला? सांगितलं. तिनं निरोप दिला आहे तो तिच्या शब्दांत लिहितो. "जावईबापूला लिव्ह, क्याशेट धाडू नका. आइतवारी सकाळच्या गाडीनं म्याच येते. लेकीच्या घरी बसून ऐकते. सोन्याला संगं आनत न्हाई." मी म्हणालो, बरोबर आहे. ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "एका ओवीत तुहं नाव व्हतं." कोणत्या, काय म्हणालीस, असं मी विचारलं. तिनं एवढंच म्हटलं, "लागली व्हती तवा ऐकायचं व्हतं."

तर दाजी, पत्राला कारण एवढंच. कॅसेटमध्ये माझं नाव येईल ती ओळ एका कार्डावर लिहून पाठवा. नाहीतर रविवारी मीही मागच्या गाडीनं येतो. घरात येणार नाही. तुमच्या फाटकापाशी उभा राहीन, पिंपळापर्यंत हाकललं तर तिथं जाईन. खिडकी तेवढी उघडी ठेवा. मी मधे बोलणार नाही.